कर्ता एकवचनी

१२ फेब्रुवारी

वर मायना नाही. काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे.

पत्र कामाचं आहे. पंपघराच्या पर्यवेक्षकाच्या जागेसाठी तुम्ही आमच्या पाणीपुरवठा विभागात अर्ज केला आहे. अर्ज मिळाल्याची पोच आमच्या घरी आली. 'सध्याचा पत्ता' म्हणून तुम्ही इतकी वर्षं राहता ते काकूंचं घर लिहिलंत, 'कायमचा पत्ता' म्हणून आमचं. कार्यालयाच्या कारकुनाने कायमचा पत्ता पाहिला आणि पाकीट तिकडे पाठवलं. त्याची चूक नाही. कायमचा म्हणजे कायमचा, असं कोणालाही वाटेल.

पाकीट आईने उघडलं. वाचून झाल्यावर तिने मला विचारलं, "या जागेबरोबर क्वार्टर मिळतं ना?"

मी हो म्हणाले.

"खिडक्या केवढ्या असतात गं तिथल्या?"

आई अजून पडदेच शिवते. तिला विचारायचं असतं एक आणि ती विचारते माप, हे तुम्हाला आठवत असेल. मी खिडक्यांची मापं आणून दिली नाहीत. तिने शेजारच्या प्लंबरकडून मिळवली. कापड आणलं आहे, निळ्या रंगाचं. धुऊन, इस्त्री करून ठेवलं आहे. अजून कापलेलं नाही.

दुसरी गोष्ट. मावशीने तिला कायमची राहायला बोलावलं आहे. गेलं वर्षभर बोलावते आहे. तिकडे मोठं घर आहे, सोबत आहे, आईच्या गुडघ्यांना जिने चढावे लागणार नाहीत. आई म्हणते, "घराला कुलूप दिसलं तर त्यांना काय वाटेल?" त्यांना म्हणजे तुम्हाला.

म्हणून मला तुमच्याकडून एक वाक्य हवं आहे. येणार, की येणार नाही. मला नको, आईला लिहा. तिला वाचता येतं.

आता कामाचं. मी या विभागात उपकरण अभियंता आहे. पाण्याचा दाब आणि प्रवाह मोजणारी मीटर माझ्याकडे असतात. गेल्या उन्हाळ्यापासून मला अर्धा दिवस भरती कक्षात दिलं आहे. कारण असं, की माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या जागा आमच्याकडे दरवर्षी रिकाम्या राहतात. अर्ज भरपूर येतात. माणसं मुलाखतीपर्यंत पोचतात आणि तिथे नापास होतात. भरती कक्षाच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्या मला म्हणाल्या, "तू मीटरवाली आहेस. बघ, हे मीटर सारखं शून्य का दाखवतंय."

आमच्या कामात नियम साधा आहे. मीटर शून्य दाखवत असेल तर आधी मीटर तपासायचं, मग पाणी.

मी मुलाखतींची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली. एकेका माणसाने पूर आलेल्या गावाला पाणी पुरवलं आहे, रस्ते बांधले आहेत, बंद पडलेली इंजिनं चालू केली आहेत. आणि गुणपत्रिकेवर शेरा एकच: 'स्वतःचा वाटा अस्पष्ट'. का, ते तिसऱ्या मुद्रणाला लक्षात आलं. ही माणसं 'मी' म्हणतच नाहीत. "आम्ही पूल उभा केला." "आम्ही पंप बसवला." समोरचे समजतात, हा बाजूला उभा राहून बघत असणार.

हे मला इतक्या लवकर कळलं यात हुशारी काही नाही. मी त्या आवाजाच्या घरात वाढले आहे.

सोबतचं पत्रक सगळ्या माजी सैनिक उमेदवारांना गेलं आहे. तुम्हाला वेगळं काही दिलेलं नाही. तुम्ही माझे वडील आहात हे मी बाईंना लेखी कळवलं आहे. तुमच्या मुलाखतीच्या खोलीत मी नसेन. वयाच्या अटीत बसायची तुमची ही शेवटचीच भरती आहे, तेव्हा पत्रक नीट वाचा.


६ मार्च

बाबा,

कार्ड मिळालं. "आम्हाला तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे ठीक आहोत. आईच्या बाबतीत आम्ही बघतो."

आईने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, ठीक आहेत. तिने कार्ड मागितलं नाही. 'आम्ही सगळे' यात काकू आणि त्यांची मुलगी येतात, हे सांगायला व्याकरण लागत नाही.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत असतो. 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर. तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा जेवताना सांगायचात, आम्ही बर्फात गाड्या ओढल्या, आम्ही नदी ओलांडली. मी एकदा विचारलं होतं, "आम्ही म्हणजे कोण?" तुम्ही हसलात. उत्तर आईने दिलं, "आपण सोडून सगळे." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

असो. गेल्या महिन्यात मुलाखत मंडळाचं प्रशिक्षण झालं. मंडळात तिघे असतात: मुख्य अभियंता, हिशेब विभागाच्या एक बाई आणि बाहेरचे एक प्राध्यापक. मुख्य अभियंत्यांना सगळे साहेब म्हणतात. साहेब येतानाच तयारीने आले होते.

"मला पंप चालवणारा हवाय, परेड घेणारा नकोय," ते म्हणाले.

मी त्यांना जुनं मुद्रण ऐकवलं. त्यात एक उमेदवार सांगत होता, "आम्ही रातोरात पाइपलाइन टाकली." आणि साहेबांचाच आवाज विचारत होता, "आम्ही म्हणजे किती जण? वरात होती की काय?" मुद्रणात सगळे हसतात. उमेदवारही हसतो, आणि त्यानंतर तो काही बोलतच नाही.

खोलीत या वेळी कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "माझा आवाज एवढा घोगरा आहे?"

मग मी त्या माणसाची सेवापुस्तिका वाचून दाखवली. ती पाइपलाइन टाकणाऱ्या तुकडीचा प्रमुख तोच होता. सैन्यात 'मी केलं' म्हणणारा माणूस आगाऊ समजला जातो. त्याला 'आम्ही' म्हणायला शिकवलं जातं, इतकं की पुढे एकट्याने चहा घेतला तरी तो 'आम्ही चहा घेतला' म्हणतो. त्याला खोटं बोलायचं नसतं, लपवायचंही नसतं. त्याला मोजणारं मीटर चुकीचं लावलेलं असतं, एवढंच.

"मग करायचं काय?" हिशेबाच्या बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, दोन गोष्टी. हुद्दा विचारू नका, काम विचारा. आणि 'आम्ही' ऐकलंत की पुढे एकच प्रश्न विचारा: 'त्यात तुमच्या हातात काय होतं?'

साहेबांनी तो प्रश्न कागदावर लिहून घेतला. मंडळाच्या जुन्या यादीत आणखी एक प्रश्न होता, फक्त सैनिकांनाच विचारला जाणारा: 'तुम्हाला राग येतो का?' तो मी काढून टाकला होता. साहेबांना ते पटेना.

"बंदूक चालवलेला माणूस. विचारायला नको?"

"साहेब, आपण हा प्रश्न व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यांना कधी विचारतो का?"

"त्यांना विचारायचं काय, त्यांना येतोच."

"मग सगळ्यांनाच विचारा, नाहीतर कोणालाच नको."

कोणालाच नको असं ठरलं. लगेच नव्या पद्धतीने पहिल्या मुलाखती झाल्या आणि दोघे जण घेतले गेले. एक पूर्वी रणगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आता आमच्या गाळणी विभागात आहे. पहिल्या दिवशी तो साहेबांसमोर ताठ उभा राहिला. साहेब म्हणाले, "अहो बसा, नाहीतर मलाही उभं राहावं लागेल." बाईंनी मला बोलावून चहा पाजला.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे, तर तुम्हाला कळावं की तुमच्या 'आम्ही'चा अर्थ लावायचा पगार मला आता सरकार देतं. पूर्वी मी तो फुकट लावत असे. ते आमच्याशी नीट बोलत नाहीत, पण त्यांना बोलता येत नाही म्हणून. ते पत्र पाठवत नाहीत, पण त्यांच्याजवळ शब्द नाहीत म्हणून. मीटर बिघडलं आहे, आत पाणी आहे. असं मी आईलाही बरीच वर्षं सांगितलं.

वाक्य अजून यायचं आहे. येणार, की येणार नाही. आईने कापड कापलं.


३ एप्रिल

बाबा,

निकाल आज लागला. तुमची निवड झाली आहे. पत्र रीतसर येईल, या वेळी सध्याच्या पत्त्यावर. तसं मी सांगितलं आहे. आता निकाल लागला आहे, त्यामुळे पुढचं लिहायला हरकत नाही.

मुलाखतींची मुद्रणं माझ्याकडे तपासायला येतात. त्यांवर नाव नसतं, क्रमांक असतो. नवी पद्धत नीट वापरली जाते का, एवढंच मी पाहते. गेल्या आठवड्यात एक क्रमांक लावला आणि घसा खाकरण्याचा आवाज आला. बोलण्याआधी तुम्ही दोनदा खाकरता.

नियमाप्रमाणे मी ते तिथेच बंद करून दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं. मग दुसऱ्याकडे दिलं आणि बाईंना तसं सांगितलं. बाई रागावल्या, ते बरोबरच होतं.

सुरुवातीला तुम्ही 'आम्ही'च म्हणत होतात. साहेब प्रत्येक वेळी कागदावरचा प्रश्न विचारत होते. त्यांनी पाठ केला आहे तो. तुम्ही हळूहळू सांगू लागलात. पाणी शुद्ध करणारं यंत्र तुमच्या ताब्यात होतं. डिझेल कधी वाचवायचं ते तुम्ही ठरवत होतात. यातलं एकही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही गाड्या ओढता.

मग हिशेबाच्या बाईंनी विचारलं, "कामात झालेली एखादी चूक सांगा." हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. बहुतेक लोक कधीतरी उशिरा आल्याचं सांगतात.

तुम्ही म्हणालात, "गाड्यांचा ताफा होता. पुढे रस्ता खचला होता. आम्ही थांबलो. नंतर आम्ही पुढे गेलो. एक गाडी दरीत गेली. आमचा एक माणूस गेला."

हे मी ऐकलेलं आहे. अगदी याच शब्दांत तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आईला सांगितलं होतंत. ड्रायव्हर काकांची गाडी दरीत गेली. काकू आणि लहान मुलगी उघड्यावर पडल्या. सावरेपर्यंत थोडे दिवस तिकडे राहावं लागेल. आई म्हणाली होती, "जा, जायलाच हवं." तिने तुमची बॅग भरली. त्यात दोन स्वेटर जास्तीचे घातले.

साहेबांनी विचारलं, "त्यात तुमच्या हातात काय होतं?"

प्रश्न माझा होता. आवाज त्यांचा.

तुम्ही दोनदा खाकरलात. मग तुम्ही म्हणालात, "पुढे जायचं की नाही, ते माझ्या हातात होतं. ड्रायव्हर नको म्हणत होता. मी म्हणालो, चल. मी खाली उतरून रस्ता दाखवत होतो. तो गाडीत होता. मी सांगितलं म्हणून त्याने गाडी घातली."

आणि पुन्हा एकदा, कोणी विचारलेलं नसताना, "मी."

साहेब म्हणाले, "पाणी घ्या."

'वैयक्तिक जबाबदारी' या रकान्यात तुम्हाला पैकीच्या पैकी गुण आहेत. तिघांनीही दिलेत. साहेब बाईंना म्हणाले, "असा माणूस पंपघरात हवा. बिघाड झाला तर पहिल्यांदा मला फोन करेल, पाळी संपायची वाट बघणार नाही." बाईंनी ते मला मुद्दाम सांगितलं, बरं वाटावं म्हणून.

मला राग आला नाही. त्या प्रश्नाला इतकं खरं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. अभियंता म्हणून मी समाधानी आहे. पण तो प्रश्न मी ज्या माणसाकडे बघून बनवला, त्याने उत्तर देण्यासाठी तीन परके लोक निवडले. एकाला वरात दिसते, एक हिशेब ठेवतात, आणि एक प्राध्यापक आहेत ज्यांचं नावही तुम्हाला ठाऊक नसेल. आईने हा प्रश्न कधी विचारला नाही हे खरं आहे. तिने बॅग भरली. तिच्या पद्धतीने तो प्रश्नच होता.

तुम्ही तिकडे का गेलात, ते आता मला कळतं. परत का आला नाहीत, ते अजून कळत नाही. काकूंना तरी हे सांगितलंत का, की त्यांना सांगितलेल्या गोष्टीतही गाडी आपोआपच दरीत गेली? याचं उत्तर मला नको आहे. तो तुमच्या 'आम्ही'च्या आतला मामला आहे.

आईला मी मुद्रणातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते माझ्या हातात नाही.

पडदे शिवून झाले. वरच्या कड्या लावायच्या राहिल्यात. आई म्हणते, "कड्या तिथला दांडा बघून लावू." मुलाखत झाल्याचं कळल्यापासून ती गुडघ्यांबद्दल बोललेली नाही. क्वार्टरला जिना नाही हे तिला प्लंबरने सांगितलं आहे.

आता तरी ते वाक्य लिहा. तुम्हाला जमतं, हे मी ऐकलं आहे. कर्ता एकवचनी ठेवा. क्रियापद तुम्ही निवडा.


२५ एप्रिल

बाबा,

पाकीट मिळालं. आईच्या नावाने होतं, तिनेच फोडलं.

"मी येणार नाही. वाट बघू नकोस."

तिने ते उभ्यानेच वाचलं. मी बाजूला होते. मला वाटलं, बसेल. ती बसली नाही.

"अक्षर तसंच आहे," ती म्हणाली. कागद घडी करून पुन्हा पाकिटात घातला, पाकीट शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आणि म्हणाली, "मावशीला फोन लाव."

मी लावला. मावशी पलीकडून काहीतरी जोरजोरात बोलत होती, बहुधा तुमच्याबद्दल. आई म्हणाली, "अगं, त्यांना कशाला नावं ठेवतेस. तुझ्या खिडक्यांची मापं सांग."

मावशीच्या खिडक्या लहान आहेत. पडदे खालून कापावे लागले. कापलेल्या पट्ट्यांच्या आईने उशांच्या खोळी केल्या. तिच्याकडे कापड वाया जात नाही.

काल मी तिला पोचवून आले. निघताना तिने घराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव," म्हणाली. कुलूप कोणाला कसं दिसेल, ते तिने विचारलं नाही.

तुमचं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे. मी मागितलं होतं तसंच आहे. मी आणखी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नाही. फक्त एक सांगते. इतकी वर्षं मी आईला समजावत आले, की आत पाणी आहे. कालच्या प्रवासात ती एवढंच म्हणाली, "तू मात्र अशी कोणाची बाजू लावून धरू नकोस."

तुम्ही पुढच्या महिन्यात रुजू व्हाल. उपकरण विभाग आणि पंपघर यांच्यामध्ये फक्त एक आवार आहे. आपण रोज दिसू. 'आपण' हे इथे फक्त हजेरीपुरतं आहे. कामावर मी तुम्हाला बाबा म्हणणार नाही. तुम्ही मला सगळे म्हणतात तसं मॅडम म्हणा. कायमचा पत्ता कार्यालयात जाऊन बदलून घ्या.


१० जून

पर्यवेक्षक, पंपघर, यांस,

आज सकाळी आपण उपकरण विभागाला फोन केला होता. फोन मी घेतला. "पंपघरातून बोलतोय. आमचं मीटर शून्य दाखवतंय," असं आपण म्हणालात. त्याआधी दोनदा खाकरलात. मी "येते" म्हटल्यावर आपण "बरं, मॅडम" म्हणालात. तक्रारीची नोंद घेतली आहे.

मी आले तेव्हा आपण व्हॉल्व्हपाशी उभे होतात. आपल्या क्वार्टरच्या दारात एक मुलगी डबा घेऊन उभी होती. तिने मला हात केला. मीही केला. तिचा यात काही संबंध नाही.

पंपघरातले लोक आपल्याबद्दल चांगलं बोलतात. गाळणी विभागातला तो रणगाडेवाला सांगत होता, की गेल्या आठवड्यात चुकीचा व्हॉल्व्ह बंद झाला तेव्हा आपण साहेबांना स्वतः जाऊन सांगितलंत, "मी केलं." साहेबांनी ती गोष्ट बाहेरच्या दोन खात्यांना ऐकवली. माजी सैनिकांना कसं ओळखावं, यावर ते हल्ली भाषण देतात. पत्रक माझं असतं, उदाहरण आपलं. आणखी चार कार्यालयांनी ते मागून नेलं आहे. पुष्कळ लोकांना त्यामुळे नोकरी मिळेल, आणि ते योग्य आहे.

आपण मीटर उघडताना जवळ येऊन विचारलंत, "आई कशी आहे?" मी हातातलं काम थांबवलं नाही. तो प्रश्न मीटरसंबंधी नव्हता. उत्तर इथे देते: तिचे गुडघे बरे आहेत. सध्याचा आणि कायमचा पत्ता एकच आहे. आपण आईला लिहावं असं मी सुचवत नाही.

आता तक्रारीबद्दल. नियमाप्रमाणे आधी मीटर तपासलं. तबकडी, काटा, जोडण्या, आतली चक्री, सगळं काढून पाहिलं. शून्य जुळवून पाहिलं, दुसरं मीटर लावून ताडून पाहिलं.

मीटरमध्ये दोष नाही. पाणीच येत नव्हतं.